भुयारात एका वेळी एकच

५ जानेवारी

ती. आत्या,

नमस्कार. कागदी पत्र बघून घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत. कामावर आल्या आल्या दारावर आमचे फोन काढून घेतात, आणि नव्या गेमबद्दल फोनवरून किंवा मेलवरून कोणालाही काही कळवणार नाही, असं माझ्याकडून लिहून घेतलं आहे. कागदाबद्दल त्यात काही नाही. मी तीनदा वाचलं. तरी पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव घातलेलं नाही.

तू केलेला 'भुयार' गेम नव्याने तयार झाला आहे. म्हणजे बराचसा. भिंतींवरून पाणी ओघळताना दिसतं, कंदिलाची काचसुद्धा काजळते. बघून माझ्या अंगावर काटा आला. पण माझं मत कोणी विचारत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण मला तो लहानपणापासून पाठ आहे. ज्यांनी जुना भुयार कधी पाहिला नाही, अशा मुलामुलींना आमच्याकडे बोलावतात. एक काचेची खोली आहे. आत सोफा, मोठा पडदा, बिस्किटांची बशी. मी काचेच्या अलीकडे अंधारात बसतो आणि लिहून घेतो : इथे हसला, इथे कपाळाला आठ्या, इथे कंट्रोलर खाली ठेवला.

आत्या, सगळे तिसऱ्या दालनात कंट्रोलर खाली ठेवतात. कंदिलाचं तेल संपतं, पाणी चढतं, माणूस बुडतो आणि गेम पहिल्यापासून सुरू होतो. तो सुरू झाला की ते इकडेतिकडे बघतात आणि बिस्कीट घेतात. काल एक मुलगा म्हणाला, "हे बिघडलंय का?" मी आतल्या आवाजयंत्रातून सांगितलं की नाही, असंच आहे. तो म्हणाला, "का?"

तूच सांग, का?

हे मी उगाच विचारत नाही. आमच्या मॅडमनी काल सगळ्यांना बसवून सांगितलं की फेब्रुवारीअखेर नवी मुलं टिकली नाहीत तर काम बंद. आणि काम बंद झालं तर तुझा जुना कॉम्प्युटर आणि ती फ्लॉपी, सगळं सील होऊन गोदामात जाईल. करारात तसं आहे. मग तो गेम कोणीच चालवायचा नाही, तूसुद्धा नाही. जगात ती एकच चालती प्रत उरली होती आणि ती मी तुला द्यायला लावली. "अगं, नवा होऊन परत येईल," असं मीच म्हणालो होतो. तू नको म्हणत होतीस. मला सारखं तेच आठवतं.

लोक तेव्हा का खेळायचे? जे आठवेल ते लिही. लवकर लिही.

तुझा,
कासव

१४ जानेवारी

चि. कासवास आशीर्वाद.

पाकिटावर नाव नाही, पण अक्षर इतकं सुबक की पोस्टमननेच सांगितलं, "भाच्याचं दिसतंय." हेरगिरी तुझ्याच्याने व्हायची नाही, दुसरं काहीतरी बघ.

तू विचारतोस, का. अरे, तो अवघड केला कारण तो एवढासा होता. त्या मशीनमध्ये जागा होती केवढी? सात दालनं कशीबशी कोंबली. सरळ चालत गेलं असतं तर चहा निवायच्या आत संपला असता आणि लोक म्हणाले असते, एवढंच? म्हणून माणसं बुडवायची. बुडाला की पहिल्यापासून, म्हणजे पुरवून पुरवून खाल्ल्यासारखं. सेव्हची सोय नव्हती कारण सेव्ह कुठे करणार, माझ्या डोक्यात? ह्यात कसलंही तत्त्वज्ञान नाही. तुम्ही लोक आता काचेच्या खोलीत बसून त्यात काहीतरी थोर शोधताय, ह्याची मला गंमत वाटते.

तेव्हा खुशाल सेव्ह घाला, बाण घाला, तेल दुप्पट करा. पोरं टिकली म्हणजे झालं. तुझ्या मॅडमना सांग, म्हातारीची ना नाही.

आणि माझी काळजी करू नकोस. ती फ्लॉपी म्हणजे काही माझं मूल नव्हे. कॉम्प्युटर गेल्यापासून टेबलावर जागा झाली आहे, तिथे आता मी भाजी निवडते.

तू जेवतोस का? मागच्या वेळी आलास तेव्हा शर्टाची कॉलर गळ्याभोवती फिरत होती. आणि नखं खाणं बंद कर. नखांनी पोट भरत नाही.

तुझी आत्या

६ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. तू म्हणालीस तसं सगळं केलं. म्हणजे मी नाही, वरच्या लोकांनी केलं, पण तुझी परवानगी आहे हे मी मॅडमना सांगितल्यावर त्यांना हायसं वाटलं. आता प्रत्येक दालनाच्या दाराशी गेम सेव्ह होतो. पायाखाली हलका निळा बाण दिसतो. तेल भरपूर आहे.

आता कोणी तिसऱ्या दालनात कंट्रोलर ठेवत नाही. आता सगळे पाचव्या दालनात ठेवतात. आणि आत्या, हे आधीपेक्षा वाईट आहे. आधी ते वैतागून ठेवायचे. आता चांगल्या मनाने ठेवतात. "छान आहे," म्हणतात. "चित्रं छान आहेत." एका कॉलेजच्या मुलीला मी विचारलं, कंटाळा आला का? ती म्हणाली, "नाही, कंटाळा असा नाही आला. पण पुढे काय झालं ते नाही कळलं तरी चालेल." मी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि मग बाहेर जाऊन जिन्यात बसलो.

त्यातच कुठून तरी बातमी फुटली, की भुयारमध्ये आता बाण आहेत. (मी नाही फोडली, शपथ.) लहानपणी तो खेळलेली मोठी माणसं कंपनीला रागाने लिहितायत, की आमच्या भुयारचं लहान मुलांचं पुस्तक केलंत. मॅडम म्हणाल्या, "जुन्यांना जुना हवाय, तो त्यांना पाठच आहे. नव्यांना काहीच नकोय. आपण करतोय कोणासाठी?" मी काहीतरी बोलायला पाहिजे होतं. पण तिथे सगळे शिकलेले आहेत आणि मी नववीत शाळा सोडलेला, कोणी विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आता एकच तुकडी उरली आहे. मी तपासणीत कुठेही चूक होऊ दिलेली नाही. दारावर मीच नियम लिहून लावले आहेत : 'आत एका वेळी एकच. बोलू नये. मदत करू नये.' खोली इतकी शांत असते की बिस्कीट मोडल्याचं ऐकू येतं. तरीही निकाल हाच.

तू पहिल्यांदा गेम लावलास तेव्हा नक्की काय झालं? कुठे लावला होतास, कोण आलं होतं? मला तू कधीच नीट सांगितलं नाहीस. फक्त "लोक खेळायचे" एवढंच सांगतेस. मला काही सुचत नाही आत्या. जेवण जात नाही. मला वाटतं मी तुझा गेम माझ्या हाताने बुडवला.

कासव

१२ फेब्रुवारी

चि. कासवा,

लावला होता रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. मी तिथे तारा जोडायचं झाळकाम करायचे. मशीनही तिथलंच, मालकांनी कोणाकडून तरी जुनं घेतलं होतं. लोक रेडिओ देऊन थांबायचे, बाकावर बसायचे, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर बसू नये म्हणून मी मशीन गिऱ्हाइकांकडे तोंड करून ठेवलं. खरं कारण हे आहे. आता झालं समाधान?

एकजण खुर्चीत बसायचा आणि बाकीचे पाठीमागे दाटी करून उभे. ओरडायचे. "अरे वाक, वाक!" "तेल बघ, तेल!" "ह्याला उठवा, हा मेलेला आहे!" एक दूधवाला होता, त्याचा रेडिओ कधी बिघडलाच नाही, पण तो रोज यायचा. स्वतः एकदाही खेळला नाही. नुसता ओरडायचा. त्याला सातही दालनं पाठ होती. कोणी बुडालं की सगळे मिळून "गेला!" म्हणायचे आणि पुढचा बसायचा. पहिल्यापासून सुरू व्हायचं म्हणजे शिक्षा नव्हती रे. पुढच्याची पाळी यायची, एवढंच.

मी स्वतः एकटीने तो कधी शेवटपर्यंत नेलेला नाही. हे तुला माहीत नसेल. मी केलेला गेम, आणि मला सातवं दालन एकटीने जमत नाही. दुकान बंद झाल्यावर मशीन घरी आणलं. तुझ्या लहानपणी तू मागे उभा राहून ओरडायचास, तेव्हा दोन-तीनदा पोचले असेन.

एक सांगते, हसू नकोस. मी भाजी निवडते म्हणून लिहिलं ते खोटं होतं. त्या टेबलावर मी काहीच ठेवलेलं नाही. सकाळी उठून तिथे जाऊन बसते, आणि मग लक्षात येतं.

माझी प्रत परत माग. नव्याचं काय व्हायचं ते होवो. त्यांना सांग म्हातारी हट्टाला पेटली आहे, रडते आहे, काय वाटेल ते सांग. मला माझं आहे ते परत पाहिजे.

आत्या

२४ फेब्रुवारी

ती. आत्या,

नमस्कार. आधी वाईट सांगतो. प्रत मागितली. मॅडमनी वकिलांना विचारलं. वकिलांनी करार उघडून बोटाने ओळ दाखवली. मी म्हणालो, ती रडते आहे. ते म्हणाले, "सही करताना रडायला हवं होतं." मॅडमना ते आवडलं नाही, पण त्यांनी करार मिटून ठेवला.

तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरत होतो. दूधवाल्याचं वाचून मला काहीतरी होत होतं, पण नीट कळत नव्हतं काय ते. काल शेवटची तुकडी होती. एक मुलगी आली, पंधरा-सोळा वर्षांची, बरोबर धाकटी बहीण, दहाची असेल. धाकटीचं नाव यादीत नव्हतं. ती बाहेर बसेना, दाराची मूठ धरून रडायला लागली. आई घाईत होती, सोडून गेली. मी नियमांच्या कागदाकडे बघितलं, माझंच अक्षर. आणि दोघींना आत सोडलं. धाकटीकडून वचन घेतलं, की अजिबात बोलायचं नाही. मग तंत्रज्ञाला जाऊन सांगितलं, "जुनं लावा. बाण नको, सेव्ह नको, तेल पूर्वीएवढं." त्याने विचारलं, मॅडमनी सांगितलंय का? मी मान हलवली. होकाराची हलवली की नकाराची, हे माझं मलाच आठवत नाही.

वचन पहिल्या दालनातच संपलं.

"ताई, पाणी! ताई, पाणी आलं!"

"दिसतंय मला, गप्प."

"डावीकडे. अगं डावीकडे! डावा हात कुठला तुझा?"

"तूच खेळ ना मग."

"दे!"

"देणार नाही!"

मोठी बुडाली. धाकटी सोफ्यावर उभी राहून किंचाळली, "मेलीस! आता माझी पाळी!" आणि दोघी हसत सुटल्या. आत्या, मेल्यावर कोणी हसलं, असं मी आजवर एकदाही लिहिलेलं नाही. मला रकाना सापडेना. आवाज ऐकून बाहेर झाडणाऱ्या मावशी दारात आल्या, मग तंत्रज्ञ आला. मावशी हातातला झाडू घेऊन ओरडायला लागल्या, "बाई गं, तेल संपलं तुझं, तेल!" आई न्यायला आली तरी दोघी उठेनात. सहाव्या दालनापर्यंत गेल्या. धाकटी जाताना मला विचारते, "उद्या किती वाजता उघडता?"

मी धावत मॅडमकडे गेलो. पहिल्यांदाच कोणी विचारायच्या आधी तोंड उघडलं. सगळं सांगितलं, दूधवालासुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "हा निकाल धरता येणार नाही. एका वेळी एकच, हा नियम तुम्हीच लिहिलाय ना?" मी हो म्हणालो. मग म्हणाल्या, "आणि समजा धरला. लोक घरी एकटे खेळतात हो. गेमच्या खोक्यात बहीण कुठून घालून द्यायची?"

२८ तारखेला बैठक आहे. त्यानंतर सगळं गोदामात. मी रात्रंदिवस विचार करतोय आणि तिथेच येऊन थांबतोय. खोक्यात बहीण कुठून घालायची?

आत्या, काहीतरी सांग. हे पत्र मी जादा पैसे भरून पाठवतोय, उत्तरही तसंच पाठव.

कासव

२५ फेब्रुवारी

कासवा,

बस आणि नीट वाच.

बहीण खोक्यात घालायची नसते. खेळायला बहीण लागेलच, असा गेम करायचा असतो. माझा गेम मोडा.

दोन माणसं, दोन वेगळे पडदे. दोघं दोन गावांत असले तरी चालेल, आवाज पोचला म्हणजे झालं. एकाच्या हातात कंदील, दुसऱ्याच्या हातात नकाशा. कंदीलवाल्याला पायाखालचं दिसतं, पण कुठे जायचं ते माहीत नाही. नकाशेवालीला सगळे रस्ते माहीत, पण तिला उजेड नाही. कंदील जवळ असेल तेवढंच तिला दिसतं. तो पुढे गेला की ती काळोखात. बोलल्याशिवाय दोघांपैकी कोणालाही एक पाऊल टाकता येऊ नये. ओरडू देत एकमेकांवर.

माझ्या गेममधल्या पाणी अडवायच्या झडपा ठेवा, पाणी ठेवा. दालनं माझी ठेवू नका, ती एकट्याच्या मापाची आहेत. सगळी नवी काढा. नाव बदलायचं तर बदला.

मागच्या पत्रात प्रत परत माग म्हणाले होते. ते सोड. ज्यांना जुना हवा आहे त्यांना तो पाठ आहे, तुझ्या मॅडम बरोबर बोलल्या. मी पण त्या पाठ असणाऱ्यांतलीच एक. ती नकाशेवाली भुयारात कशी चालेल, त्याचं चित्र काढून सोबत ठेवलं आहे. रेघा वाकड्यातिकड्या आल्यात, चालवून घ्या.

बैठकीत हे तूच वाचून दाखव. दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस.

आत्या

९ मे

ती. आत्या,

नमस्कार. इतके दिवस लिहिलं नाही. लिहायला बसायचो आणि फाडायचो.

फोनवर मी तुला एवढंच सांगितलं, की वाचून दाखवलं आणि त्यांनी चित्र ठेवून घेतलं. तेव्हा कोणी ऐकेल आणि लिहून दिलेलं मोडलं म्हणतील, ह्या भीतीने घाई केली होती. खरं सगळं सांगत नाही तोवर मला चैन पडणार नाही.

जुन्या भुयारचं काम त्याच बैठकीत बंद झालं. तुझा कॉम्प्युटर बांधण्याचं काम मला दिलं, कारण मी नीट बांधतो. तुझ्याच चादरीत गुंडाळला. सील करायच्या आधी म्हणालो, एकदा चालवू का, फक्त पहिलं दालन? वकील म्हणाले, नको. मी चिकटपट्टी लावली. कडा अगदी सरळ आल्या. आत्या, मी ती सरळ लावत होतो आणि मला कळत होतं की मी काय करतोय, तरी हात सरळच लावत होते.

तुझ्या चित्रावरून नवा गेम सुरू झाला. कागदोपत्री 'बाहेरून आलेली सूचना' असं लिहिलं आहे. तुझं नाव कुठेही नाही. मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तर मलाही काढतील असं वाटलं, म्हणून नाही विचारलं. अजून सगळं कच्चं आहे, राखाडी ठोकळे, पाण्याला आवाजसुद्धा नाही. आणि मला भीती वाटते की हेही चालणार नाही. मग तुझं जुनंही गेलं आणि नवंही नाही. दोन्ही माझ्या हातून.

आता तपासणीला जोड्या हव्या आहेत, एक लहान आणि एक वयस्क, एकमेकांना अनोळखी. लहान म्हणून त्या दोघींमधल्या धाकटीला बोलावलं आहे. वयस्क म्हणून मी यादीत लिहिलं आहे, 'एक निवृत्त बाई'. खोटं काही लिहिलेलं नाही.

तू येशील का? १८ तारखेला. मला ओळख दाखवता येणार नाही, मी काचेच्या अलीकडे असेन. तुला नाही आवडलं तर कंट्रोलर खाली ठेव. मी तसं लिहीन. जसं असेल तसंच लिहीन.

कासव

२१ मे

चि. कासवास आशीर्वाद.

घरी नीट पोचले. गुडघे सोडून सगळं जागेवर आहे.

तुझ्या काचेत मला तू काही दिसला नाहीस, माझाच चेहरा दिसत होता. आणि तुम्ही इतक्या मऊ सोफ्यावर म्हाताऱ्यांना बसवू नका, उठता येत नाही. तुला वाटलं असेल मी खिळून बसले आहे. तसंही होतं, पण अर्धं कारण सोफा.

ती पोरगी आमच्या दोघींच्या मध्ये कापडी पडदा लावलेला असूनही त्याच्या कडेवरून डोकावली आणि म्हणाली, "आजी, तुम्ही आधी हे खेळलाय?" मी नाही म्हणाले. म्हणून झाल्यावर मला वाटलं, कासव पलीकडे लिहून घेत असेल, आणि आत्या खोटं बोलली म्हणून रडत असेल. खोटं नाही बोलले रे. मी पहिली दहा मिनिटं माझं काहीतरी शोधत होते, एखादी भिंत, एखादं वळण. काही म्हणजे काही ओळखीचं नव्हतं. तुझ्या ठोकळ्यांमध्ये मी आंधळ्यासारखी चाचपडत होते आणि ती मला झापत होती. "आजी, नकाशा उलटा धरलाय का तुम्ही?" उलटाच धरला होता. "आजी, तुम्ही कोणाच्या बाजूने आहात?" तीनदा तिला मी बुडवली. चौथ्यांदा ती मला म्हणाली, "थांबा, घाबरू नका, मी पुढे जाऊन बघून येते." आणि कंदील घेऊन पुढे गेली.

तेवढ्यात तिची आई आली आणि तिला उचलून घेऊन गेली. नाव नाही, पत्ता नाही, कंदील तिच्याकडे. तू काचेमागे काय लिहिलंस मला माहीत नाही, पण मी कंट्रोलर खाली ठेवला नव्हता. तो मावशींनी माझ्या हातातून काढून घेतला.

मॅडमना काय सांगायचं ते सांग. माझं नाव घाला, न घाला. पण मी अजून तिथेच उभी आहे, दुसऱ्या वळणाच्या अलीकडे, आणि पाणी घोट्यापर्यंत आलेलं आहे. त्या मुलीला परत कधी बोलावणार आहेस, ते उलट टपाली कळव.

तुझी आत्या